जांभ्या मातीत काय लावशील

अगं, घर बांधून झालं, आता परसाकडे बघ. पण भिंतीलगत गवंड्यांचा सिमेंट-चुन्याचा राडारोडा पडलाय, तिथे अनंत नि एक्झोरा लावू नकोस. चुन्याने माती आम्ल राहत नाही आणि मुळांना लोह मिळेनासं होतं. कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असं पान दिसलं की युरिया ओतू नकोस, उपयोग होत नाही. राडारोडा उपस, लाल माती भर, मग लाव.

आपल्याकडे कोकणात वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस. मातीतला चुना तो धुऊन नेतो, म्हणून जांभ्या मातीचा सामू बहुधा ५ ते ६.५ भरतो. ७ च्या खाली म्हणजे आम्ल. माती-तपासणीच्या अहवालात हा शब्द वाचून घाबरायचं कारण नाही. काजू, कोकम, फणस, अननस यांना हीच माती मानवते. चुना द्यायचाच तर भाजीच्या वाफ्याला, आणि तोही माती तपासून. नमुना घेताना बांधालगतची किंवा खत पडलेल्या जागची माती उचलू नकोस.

कोकम मात्र बी टाकून लावू नकोस. त्यात नर-मादी झाडं वेगळी, आणि फुलं येईतो काही कळत नाही. एवढी वर्षं पाणी घालून नर निघाला तर फळच नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात आहे, तिचं कलम आण. तिची फळं पावसाआधी हाती येतात, आमसुलं वाळवायला ऊन मिळतं. शेंडा सरळ वर जाणारं कलम निवड. आडव्या फांदीच्या काडीचं असेल तर झाड नुसतं पसरत बसतं.

काजूचं कलम घेशील तर वेंगुर्ला-७ घे, बी टपोरी असते. पाणी साचतं तिथे लावू नकोस, आणि जोडाच्या खालून आलेली फूट लगेच खुडून टाक, नाहीतर खुंटच वाढतो. या मातीतलं लोह स्फुरद धरून ठेवतं, म्हणून स्फुरदाचं खत नुसतं वर फेकू नकोस. शेणखतात मिसळून मुळाजवळ दे. झाडाखालचा पाला जाळू नकोस, आळ्यातच राहू दे. आणि चुलीची राख अननसाच्या ओळीत नको, पडवळ-दोडक्याच्या आळ्यात घाल.