आधी पाणी, मग हळद

रेवा, जपानमधल्या शिगाराकीला जाऊन जेवणाची भांडी घ्यायची म्हणतेस, तर जरूर घे. पण घरी आणल्या आणल्या त्यात आमटी वाढू नकोस. तिथल्या मातीची तहान मोठी. कोरड्या ताटलीवर हळद आणि तेल पडलं की ते आत मुरतं, मग कितीही घासलंस तरी पिवळेपणा जात नाही. म्हणून दर वेळी वाढण्याआधी भांडं १०-१५ मिनिटं साध्या पाण्यात बुडवून ठेव आणि वरचं पाणी टिपून मगच वाढ. माती आधीच पाणी प्यालेली असली की रस्सा आत शिरत नाही. जपानी बायका सोया सॉसच्या डागासाठी हेच करतात. आपल्या हळदीला तर ते चुकवूच नकोस.

अगदी नव्या भांड्यासाठी तांदळाचं धुवण राखून ठेव. त्या गार धुवणात भांडं बुडव, मंद आचेवर २० मिनिटं उकळ आणि त्यातच निवू दे. उकळत्या पाण्यात एकदम टाकलंस तर तडकेल. धुवणातली पिठूळ खळ मातीची बारीक छिद्रं बुजवते.

धुऊन झालं की खरी काळजी सुरू होते. बुडाच्या कडेला झिलई नसते, तिथून पाणी आत शिरतं आणि वरून हाताला कोरडं लागलं तरी बूड ओलंच असतं. तसंच कपाटात ठेवलंस तर जून-जुलैच्या पावसात हमखास बुरशी धरते, आणि तो कुबट वास पुढच्या चहालाही येतो. पुसून, बूड वर करून, रात्रभर वाऱ्यावर ठेव. सिंकमध्ये भिजत टाकायचं नाही.

आता घेताना काय बघायचं ते. जुन्या धाटणीच्या अनागामा भट्टीत कित्येक दिवस लाल पाइनची लाकडं जळतात. राख ज्वाळेबरोबर उडते, भांड्याच्या खांद्यावर बसते आणि १२०० अंशांच्या वर मातीतल्या सिलिकाशी एकजीव होऊन वितळते. कुणी ब्रश लावलेला नसतो. पेला उजेडात धरून सावकाश फिरव: आगीकडच्या बाजूला हिरव्या काचेचा ओघळ थबकलेला दिसेल, मागची बाजू कोरडी, नारिंगी असेल. पाहुण्याला देताना ती देखणी बाजू त्याच्याकडे कर.

पण राखेची झिलई म्हणून मिळणारं सगळंच असं नसतं. राख, दगडाची पूड आणि पाणी कालवून त्यात भांडं बुडवतात आणि गॅसच्या किंवा विजेच्या भट्टीत भाजतात. त्याला नकली म्हणू नकोस. झिलई सगळीकडे सारखी बसते, म्हणून रोजच्या वरणभाताला मी तर तीच घ्यायला सांगेन. भट्टीतल्या राखेचा एखादा पेला मात्र चहासाठी घेच. दुकानात विचारलंस तर कुठलं कसं भाजलंय ते नीट सांगतात.

बुडावरून तळहात फिरवून बघ. खरखरीत लागलं तर बारीक काचपेपरने घास, नाहीतर टेबलावर चरे पडतील. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर दोन्ही नकोत.

आणि शेजारच्या इगाची दोनाबे, म्हणजे झाकणाची मातीची हंडी, घेतलीस तर तिच्यात पहिल्यांदा तांदळाची पेज शिजव. बाहेरून बूड ओलं असताना गॅसवर चढवू नकोस, आणि उतरवल्यावर थेट थंड ओट्यावर न टेकवता खाली जाड फडकं घाल.