बचावगाडी व इंधनाचा ट्रेलर : गणित व विज्ञान यांचा संयुक्त पाठ
(इयत्ता ६ वी व ७ वी)

‘स्टॉर्मवर्क्स : बिल्ड अँड रेस्क्यू’ हा संगणकावरील खेळ २०१८ मध्ये अपूर्ण रूपात व २०२० मध्ये पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. त्यात खेळाडूस लहान ठोकळे जोडून होडी, विमान अथवा गाडी स्वतः रचावी लागते व तीतून संकटग्रस्तांच्या मदतीस जावे लागते. रचना चुकल्यास मदतीची गाडीच वाटेत उलटते. रस्ता नसलेल्या मुलखात जाणारी बचावगाडी व तिच्यामागील इंधनाचा ट्रेलर रचणे, ही या खेळातील कामगिरी संगणकावाचूनही वर्गात शिकविता येते.

हेतू : गुरुत्वमध्य, घनफळ व वस्तुमान यांचा परस्परसंबंध मुलांच्या प्रत्ययास आणून देणे.

साहित्य : तीन रिकाम्या काड्यापेट्या, ओला चिखल, पाटी, चौकटीचा कागद.

पूर्वज्ञान : बैलगाडी भरताना जाणती माणसे ओझे मागेपुढे का सरकवितात, हे मुलांस विचारावे. मागे भार अधिक झाला की गाडी उलार होते. पुढे अधिक झाला की तो बैलांच्या मानेवर येतो. हे उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे.

विषयप्रतिपादन :

(१) गाडी. एका काड्यापेटीच्या खालच्या अर्ध्या भागात व दुसरीच्या वरच्या अर्ध्या भागात सारखाच चिखल भरून दोन्ही पाटीवर उभ्या ठेवाव्यात. तिसरी भरून आडवी ठेवावी. पेट्या घसरू नयेत म्हणून प्रत्येकीच्या पुढे काडी चिकटवावी व पाटीची मागची कड हळूहळू उचलावी. वरच्या भागात भार असलेली पेटी प्रथम कोसळते; आडवी सर्वांत शेवटपर्यंत टिकते. यावरून मुले सांगतील की, भार खाली व बैठक रुंद असावी. आता अडचण मांडावी : दगडधोंड्यांतून जाण्यास गाडीचे पोट जमिनीपासून उंच हवे; पण गाडी उंच केली की गुरुत्वमध्यही वर जातो. म्हणून इंजिन व टाकी शक्य तितकी खाली बसवावी, चाकांतील अंतर वाढवावे आणि चिखलात रुतू नये म्हणून टायर रुंद घ्यावेत.

(२) ट्रेलर. टाकीचा भार चाकांच्या आसाच्या किंचित पुढे असावा. तो मागे गेल्यास ट्रेलर उलार होऊन गाडीची मागची बाजू वर उचलतो व मागच्या चाकांची पकड सुटते. अर्धवट भरलेल्या टाकीतील द्रव चढउतारावर एका बाजूस धाव घेतो; म्हणून खऱ्या टँकरमध्ये भोके असलेले आडवे पडदे बसवितात.

(३) इंधन. खेळातील ठोकळ्याची बाजू पाव मीटर असते. म्हणजे ६४ ठोकळ्यांचा एक घनमीटर होतो. एवढ्या जागेत १००० लिटर डिझेल मावेल. एका लिटरचे वस्तुमान सुमारे ०.८४ किलोग्रॅम धरल्यास ते ८४० किलोग्रॅम भरते. मात्र मावते तेवढे नेणे शहाणपणाचे आहे काय? पुढील उदाहरण फळ्यावर सोडवावे.

समजा, अपघातस्थळ ४० किलोमीटर दूर आहे. त्यांपैकी ३० किलोमीटर पक्की सडक असून तेथे गाडी लिटरमागे ५ किलोमीटर चालते. उरलेल्या १० किलोमीटर चिखलात लिटरमागे २ किलोमीटर. जाण्यास ६ + ५ = ११ लिटर, जाऊन येण्यास २२ लिटर. अडीअडचणीस ८ लिटर धरून ३० लिटर झाले. तेथील पंपास व अडकलेल्या वाहनांस १७० लिटर द्यावयाचे असल्यास एकूण २०० लिटर, म्हणजे १६८ किलोग्रॅम पुरे. उरलेले ६७२ किलोग्रॅम ओझे गाडीस चिखलात रुतविण्यास मात्र कारण होईल.

पुष्कळ मुले परतीचे इंधन धरावयास विसरतात. त्यांस लगेच चूक न दाखविता, “जखमी माणसास घेऊन गाडी कोठवर येईल?” एवढेच विचारावे.

संकलन : दुसऱ्यास सोडविण्यास जाणाऱ्याने स्वतः अडकता कामा नये, म्हणून भार, तोल व परतीची वाट यांचा हिशेब निघण्यापूर्वीच करावयाचा असतो.

स्वाध्याय :
१. एक चौकट म्हणजे पाव मीटर मानून गाडी व ट्रेलर यांची बाजूची आकृती काढा व जड वस्तू कोठे ठेवल्या ते कारणांसह लिहा.
२. चिखलाची वाट १६ किलोमीटर व सडक २४ किलोमीटर असल्यास जाण्यायेण्यास किती डिझेल लागेल?
३. उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली वळणावर का कलंडते?