वैद्यकीय कौशल्यपरीक्षा : पडद्यावर किती, रुग्णशय्येशेजारी किती?

आईच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरांकडे पाहत एका मुलीने मला हळूच विचारले, "कोरोनाच्या काळात परीक्षा ऑनलाइन झाल्या म्हणतात. मग यांना पोट तपासता येतं, हे कुणी पाहिलं?" मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. पुढे डॉक्टर सहकाऱ्यांकडून जे समजून घेतले, ते देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या आप्तांसाठी येथे मांडत आहे.

पूर्वी विद्यार्थ्याच्या वाट्याला कोणता रुग्ण आणि कोणते परीक्षक येतील, यावर परीक्षेचे यश बरेचसे अवलंबून असे. हा नशिबाचा भाग कमी व्हावा, म्हणून स्कॉटलंडमधील डंडी येथे डॉ. रोनाल्ड हार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली नवी पद्धत मांडली. तिला 'ऑस्की' म्हणतात. विद्यार्थी ठरावीक मिनिटांनी घंटा वाजताच एका टेबलाकडून पुढच्या टेबलाकडे जातो. कोठे रुग्णाची हकिकत विचारायची, कोठे छाती तपासायची, कोठे क्ष-किरण चित्र वाचायचे. सर्वांना काम तेच आणि गुणांची यादीही तीच.

२०२० मध्ये महासाथीमुळे एकत्र जमणे अशक्य झाले, तेव्हा अनेक देशांतील महाविद्यालयांनी हीच टेबले व्हिडिओ-बैठकीत मांडली. प्रत्येक टेबलासाठी स्वतंत्र आभासी खोली. तीत विद्यार्थी, रुग्णाची भूमिका करणारी प्रशिक्षित व्यक्ती आणि स्वतःचा कॅमेरा बंद ठेवून गुण देणारा परीक्षक. वेळ पाळणे, ओळख पटविणे, संपर्क तुटल्यास वेळ भरून देणे, यांचे नियम आधीच ठरवावे लागत.

या व्यवस्थेत पुष्कळ काही नीट जोखता येते. हकिकत घेणे, दुःखद बातमी सांगणे, औषधाची मात्रा समजावणे, तपासण्यांचे अहवाल वाचणे ही कामे पडद्यावर उतरतात. भारतात २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाल्यावर तर पडद्यावरून रुग्णाशी बोलणे हेदेखील डॉक्टरांचे नित्याचे कौशल्य ठरले.

अडचण हाताची आहे. प्लीहा कशी तपासाल, असे विचारल्यास विद्यार्थी बिनचूक सांगतो : "उजव्या ओटीपोटापासून सुरुवात करीन, रुग्णाला दीर्घ श्वास घ्यायला सांगीन, हात डाव्या बरगडीकडे नेईन." त्याला पूर्ण गुण मिळतात. पण वाढलेली प्लीहा त्याच्या बोटांना जाणवली असती का? पोट दाबताना त्याचे लक्ष रुग्णाच्या चेहऱ्यावरील वेदनेकडे गेले असते का? हे पडद्यावर कळत नाही.

माझ्या व्यवसायातील दाखला द्यायचा तर, साठ्याची वही कितीही नेटकी असली तरी लेखापरीक्षक गोदामात जाऊन पोती मोजून पाहतो. वहीला महत्त्व आहेच. मात्र ती मोजणीची जागा घेऊ शकत नाही.

अमेरिकेत परवान्यासाठी आवश्यक असलेली, अभिनयरुग्णांवर घेतली जाणारी कौशल्यपरीक्षा मार्च २०२० मध्ये स्थगित झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद करण्यात आली. परीक्षा बंद झाली तरी कौशल्याची गरज संपत नाही. ते जोखण्याची जबाबदारी महाविद्यालये व रुग्णालये यांच्यावर अधिकच येते. म्हणून संभाषणाची परीक्षा पडद्यावर आणि स्पर्शाची परीक्षा प्रत्यक्ष, अशी विभागणी मला योग्य वाटते. त्यात प्रवासखर्च वाचेल. मात्र वाचलेली रक्कम सरावाच्या प्रतिकृतींवर व अध्यापकांच्या वेळेवर खर्च व्हावी.

त्या मुलीला माझे उत्तर असे : आपल्याकडे पदवीपूर्वी वर्षभराची आंतरवासिता सक्तीची आहे. परीक्षेत जे पाहायचे राहिले, ते या वर्षात ज्येष्ठ डॉक्टरांनी खाटेपाशी उभे राहून पाहिलेच पाहिजे. त्यासाठी रुग्णाची संमती लागते. दुखणे सोसत असताना "तपासा, बाळ" म्हणणारा प्रत्येक रुग्ण उद्याच्या अनोळखी रुग्णासाठी काही देत असतो. या अहवालातील देणगीदारांच्या यादीत त्याचे नाव छापलेले नाही. त्याचे ऋण मात्र संस्था नम्रपणे मान्य करते.