संगणकप्रणालीचे नूतनीकरण आणि जुना गाभा

लिनक्स संगणकप्रणालीचे ढोबळमानाने दोन थर असतात. तळाशी 'कर्नेल' म्हणजे गाभा असतो. स्मृती, तबकडी, मुद्रक आदी यंत्रभागांशी होणारा व्यवहार त्याच्याच हाती असतो. फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला तो हा गाभाच होय. त्यावर नित्याच्या कामाचे प्रोग्रॅम चालतात.

वरचा थर नवा करून गाभा मात्र जुनाच ठेवण्याची वेळ पुष्कळदा येते. एखाद्या यंत्रभागाचा ड्रायव्हर जुन्या गाभ्यासाठीच तयार केलेला असतो व निर्मात्याने तो पुढे सुधारलेला नसतो. भाड्याच्या काही सर्व्हरांवर गाभा मूळ यंत्राच्या मालकाचा असतो. भाडेकरूस तो बदलता येत नाही.

नव्या गाभ्यावर जुने प्रोग्रॅम चालत राहावेत, हा दंडक गाभ्याचे निर्माते कटाक्षाने पाळतात. जुन्या गाभ्यावर नवे प्रोग्रॅम चालतील, अशी हमी मात्र नसते. बहुतेक प्रोग्रॅमांना लागणारी समाईक साधने 'ग्लिबसी' ही लायब्ररी पुरविते. तिच्या २०१७ मधील २.२६ या आवृत्तीस किमान ३.२ क्रमांकाचा गाभा लागतो. गाभा त्याहून जुना असल्यास साध्या आज्ञाही चालत नाहीत. नूतनीकरण अर्ध्यावर असता असे घडले, तर दुरुस्तीची साधनेही निकामी होतात आणि कार्यालयाचे काम ठप्प होते.

कोणती दक्षता घ्यावी?

प्रथम 'यूनेम -आर' या आज्ञेने चालू गाभ्याचा क्रमांक पाहावा व नव्या आवृत्तीच्या प्रकाशन-टिपणाशी तो ताडून घ्यावा. माहितीची प्रत वेगळ्या तबकडीवर घ्यावी. डेबियन प्रणालीत 'अ‍ॅप्ट-मार्क होल्ड' या आज्ञेने गाभ्याचे पॅकेज आहे त्या आवृत्तीवर रोखून धरता येते.

परंतु गाभा रोखला, की त्याच्या सुरक्षाविषयक दुरुस्त्याही थांबतात, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. २०१६ मध्ये उघडकीस आलेला 'डर्टी काऊ' हा दोष २००७ पासूनच्या गाभ्यांत होता. त्यायोगे सामान्य वापरकर्त्यास यंत्राचे सर्वाधिकार मिळविता येत. अर्थात केवळ क्रमांकावरून गाभा असुरक्षित ठरवू नये. रेड हॅटच्या २०१४ मधील सातव्या एंटरप्राइझ आवृत्तीचा गाभा ३.१० याच क्रमांकाचा राहिला, पण नव्या दुरुस्त्या त्यात वर्षानुवर्षे उतरविल्या गेल्या.

तात्पर्य, जुना गाभा ही तात्पुरती सोय मानावी. तो कोणत्या कारणास्तव ठेवला व केव्हा बदलावयाचा, याची लेखी नोंद दप्तरी असावी. म्हणजे यंत्र सांभाळणारी व्यक्ती बदलली तरी काम अडणार नाही.