पाळीव प्राणी आणि घरातील लाकडी सामान

घरात मांजर किंवा कुत्रा असला, की टेबल-खुर्च्यांवर त्याच्या वास्तव्याची खूण उमटल्यावाचून राहत नाही. बंगळूरच्या जुन्या घरांत शिसवी व सागवानी सामान आजही जपून ठेवलेले आढळते. अशा घरात प्राणी आला, की गृहस्थापुढे प्रश्न उभा राहतो : सामान राखावे की प्राणी? वस्तुतः दोहोंचे स्वरूप नीट समजून घेतले, तर अशी निवड करण्याची वेळ सहसा येत नाही.

प्रथम लाकडावरील लेपाचा विचार करू. जुन्या सामानाला बहुधा लाखेचे पॉलिश असते. लाख हा एका सूक्ष्म कीटकाचा स्राव होय. पळस, बोर, कुसुम या झाडांवर हे कीटक वाढतात. लाखेपासून तयार केलेला चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून तो लाकडावर अनेक हातांनी चढवितात. बंगळूरपासून सुमारे 60 किलोमीटरवरील चन्नपट्टण येथील खेळणी आणि आपल्याकडील सावंतवाडीची लाकडी कलावस्तू यांच्या झळाळीतही लाखेचा मोठा वाटा आहे. हा लेप देखणा खरा, पण नाजूक. पाण्याने त्यावर पांढरे डाग पडतात, स्पिरिटने तो मऊ पडतो आणि अल्कलीत तो विरघळतो.

यातील शेवटचा गुणधर्म प्राण्यांच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. मूत्रातील युरियाचे जीवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया अल्कधर्मी असतो. म्हणून ओले असतानाच टिपून घेतलेले मूत्र फारसा अपाय करीत नाही. रात्रभर राहिलेले मात्र लेप भेदून लाकूड काळवंडून टाकते. ते फडक्याने टिपावे, घासू नये. नंतर ओलसर फडक्याने पुसून जागा लगेच कोरडी करावी. अमोनियायुक्त द्रावणाने ती कधीही धुऊ नये. त्याने लेप तर बिघडतोच, शिवाय तो वास प्राण्याला पुन्हा त्याच जागी ओढून आणतो. फिनॉलयुक्त जंतुनाशकेही टाळावीत. मांजराच्या यकृताला फिनॉलचा निचरा नीट करता येत नाही. पंजे चाटताना ते पोटात गेल्यास जिवावर बेतू शकते.

आता ओरखड्यांकडे वळू. मांजर खुर्चीचा पाय ओरबाडते ते खोडसाळपणाने नव्हे. नखांवरील जुने आवरण काढून टाकणे, अंग ताणणे आणि पंजांतील ग्रंथींचा गंध मागे ठेवणे, असे तिचे तीन हेतू असतात. ही तिची गरज मारून थांबत नाही. तिला दुसरी वाट द्यावी लागते. सुमारे 3 फूट उंचीचा, न डळमळणारा खांब घेऊन त्यावर घायपाताची किंवा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळावी आणि तो मांजर जेथे ओरबाडते तेथेच, त्या खुर्चीला लागून ठेवावा. मांजर खांबाला सरावले, की तो दररोज थोडा थोडा बाजूस सरकवावा. नखांची टोके वेळोवेळी कापावीत, परंतु आतील गुलाबी भागास धक्का लागू देऊ नये. काही देशांत नखे कायमची काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करीत आले आहेत. तीत नखाबरोबर बोटाचे शेवटचे पेरही छाटले जाते, हे ध्यानात घेतले, की तिचे क्रौर्य वेगळे सांगावे लागत नाही.

कुत्र्याच्या पिलाची गोष्ट निराळी. साधारणपणे चौथ्या ते सहाव्या महिन्यांत त्याचे 28 दुधाचे दात पडून 42 कायमचे दात येतात. हिरड्या शिवशिवतात आणि पिलू टेबलाचा पाय चावू लागते. त्याला रबराचे मजबूत खेळणे द्यावे आणि तेवढ्या काळापुरते मौल्यवान सामान दुसऱ्या खोलीत हलवावे.

इतके करूनही ओरखडा उमटलाच, तर तो दुरुस्त करता येतो. लाखेच्या पॉलिशचा येथे मोठा उपयोग होतो. नवा हात जुन्या लेपाला किंचित विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. त्यामुळे सबंध टेबल खरवडावे लागत नाही. लेप लाखेचा आहे की नाही हे पाहण्यासाठी न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाकावा. लेप चिकट झाला, तर तो लाखेचा असण्याचा पुष्कळ संभव असतो. पॉलिशचे काम चालू असताना आणि लेप पूर्ण वाळेपर्यंत प्राण्यास त्या खोलीत येऊ देऊ नये.

सामान खराब केले म्हणून प्राण्याला घराबाहेर काढणारेही असतात. पाळीव प्राण्याला पुरेशा कारणावाचून हाल होतील अशा स्थितीत सोडून देणे हा 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये अपराध आहे. खुर्चीवरचा ओरखडा कुशल कारागीर बुजवू शकतो. घराला सरावलेल्या जिवाला मात्र रस्त्यावर जगता येईलच असे नाही.