जनावरांच्या औषधोपचारातील टाकाऊ वस्तू व त्यांचे धोके

आजारी जनावरास टोचून झाले, ते उठून वैरण खाऊ लागले, म्हणजे मालकाची चिंता मिटते. वापरलेली सुई, फुटकी कुपी व रक्ताने भरलेला कापूस मात्र उकिरड्यावर जातो. पुढे तेच खत शेतात पडते व स्त्रिया ते अनवाणी पायांनी, उघड्या हातांनी पसरतात.

सुई व फुटकी काच यांचा धोका उघड आहे. परंतु तो केवळ माणसांपुरता नाही. गाय वैरण जिभेने ओढून नीट न चावता गिळते. तीबरोबर सुई पोटात गेल्यास ती जाळीपोटात अडकते. हृदय तेथून अगदी जवळ असल्याने सुई हृदयाच्या आवरणापर्यंत शिरते आणि दुभती गाय हकनाक दगावते.

लशीच्या रिकाम्या कुपीत थोडा अंश राहतोच. सांसर्गिक गर्भपात टाळण्यासाठी 4 ते 8 महिन्यांच्या मादी वासरांस टोचली जाणारी एस-19 ही लस जिवंत जंतूंची असते. तिची सुई टोचणाऱ्याच्याच बोटात गेली, तर त्यास तो रोग होऊ शकतो. अशी कुपी मुलांच्या हाती पडू देणे योग्य नव्हे.

सर्वांत दुर्लक्षित, व म्हणून सर्वांत घातक, वस्तू म्हणजे गाभडलेल्या गाईचे मृत वासरू व वार. या रोगाचे जंतू त्यांत विपुल असतात. वार उघड्या हाताने ओढणाऱ्यास पुढे येणारा-जाणारा ताप व सांधेदुखी जडते, आणि तो हिवताप समजून भलतेच उपचार होत राहतात. कुत्री ती वार ओढून गावभर नेतात ते निराळेच. हातमोजे घालून ती विहिरीपासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी.

औषधाचा अंशही निरुपद्रवी नसतो. डायक्लोफिनॅक दिलेल्या मृत जनावरांचे मांस खाऊन देशातील बहुतेक गिधाडे नष्ट झाली. म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली.

जैववैद्यकीय कचऱ्याविषयीचे 2016 चे नियम पशुवैद्यकीय दवाखान्यांसही लागू आहेत. त्यांनुसार सुया पांढऱ्या, न भेदल्या जाणाऱ्या डब्यात, काच निळ्या खुणेच्या खोक्यात, दूषित प्लॅस्टिक लाल पिशवीत, तर कापूस व मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत टाकावयाची असतात. गोठ्यात एवढी सोय कोठून असणार? तेथे झाकणाचा एक जाड डबा पुरे. वापरलेल्या सुया त्यात टाकून तो दवाखान्यात पोचवावा. सुईस पुन्हा टोपण मात्र बसवू नये. बोटास टोचण्याचे प्रसंग अनेकदा त्याच वेळी येतात.