हिरड्या आणि सांधे

डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कोलकात्यात भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय स्थापन केले. दंतवैद्यक ही स्वतंत्र शाखा झाली. शरीर मात्र अविभक्तच राहिले.

पायोरियात हिरड्यांत आढळणारा पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू प्रथिनांतील आर्जिनिनाचे सिट्रुलिनात रूपांतर करतो. ही बदललेली प्रथिने परकी समजून शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करू शकते. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या पुष्कळ रुग्णांत अशी प्रतिपिंडे सांधे दुखू लागण्यापूर्वी काही वर्षे आढळतात. पायोरिया हेच या संधिवाताचे कारण, असे मात्र सिद्ध झालेले नाही. तरीही सॉल्ट लेकमधील एखाद्या गृहिणीच्या हिरड्यांतून रक्त येत असेल आणि रोज सकाळी तासभर बोटे आखडत असतील, तर तिने दोन्ही तक्रारी दंतवैद्य व डॉक्टर या दोघांनाही सांगणे हिताचे होय.